सकाळच्या गाडीने उतरून रात्रीच्या गाडीने परत: कोल्हापूरचा एक दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईहून चौघं जण, त्यात सत्तरीतले आईवडील. आईचे गुडघे दुखतात आणि ती मटण खात नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी साडेसातच्या सुमारास कोल्हापुरात उतरायचं आणि त्याच रात्रीच्या गाडीने परतायचं. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, न्यू पॅलेस, रंकाळा, मिसळ, तांबडा-पांढरा आणि चप्पल खरेदी एवढं सगळं बसेल का?

नाही बसणार. पन्हाळा आणि जोतिबा आधी खोडून टाका. पन्हाळा शहरापासून वीसेक किलोमीटर आहे, जोतिबाचा डोंगर त्याच बाजूला. अंतर कमी वाटतं म्हणून टॅक्सीवाले दोन्ही 'करून देतो' म्हणतात. पण नुसता पन्हाळा नीट पाहायचा तर अंबरखाना, तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंधारबाव यांत तीन-चार तास जातात आणि चालणंही बरंच होतं. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारशात जे बारा किल्ले गेले, त्यांत पन्हाळा आहे. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्यांची रांग धरूनच चाला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गडावर गाडीतच बसवून ठेवायचं असेल तर नेण्यात अर्थ नाही. त्यासाठी पुन्हा या आणि एक मुक्काम करा.

उरलेलं शहर मात्र एका दिवसात व्यवस्थित होतं. अट एकच, क्रम खाण्याच्या वेळांवरून ठरवायचा. मिसळ सकाळची असते. चांगल्या ठिकाणी दुपार होईतो कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, संपतो. मटणाच्या खानावळी साधारण बारा ते तीन चालतात आणि मग थेट संध्याकाळी सातनंतर उघडतात. दूधकट्टा दिवेलागणीला भरतो. देऊळ आणि राजवाडा या वेळांच्या मधे सहज बसतात. उलट केलं, म्हणजे आधी सगळं पाहू आणि मग खाऊ म्हटलं, तर तीन वाजता बंद शटरसमोर उभं राहावं लागतं. कोल्हापूरला येऊन पंजाबी भाजी खाऊन परत जाणारे बहुतेक या एकाच चुकीमुळे तसे जातात.

वार कोणता? सोमवार नको. टाउन हॉलमधलं सरकारी संग्रहालय सोमवारी बंद असतं, बाजारपेठेतही बरीच दुकानं बंद असतात, आणि सोमवार पाळणाऱ्यांमुळे मटणाच्या खानावळीही थंड असतात. शुक्रवार देवीचा वार, रात्री पालखी निघते. ती पाहण्यासारखी आहे, पण दिवसभर रांग लांब आणि पालखीच्या वेळी तुम्ही स्टेशनवर असणार. रविवारी सगळीकडेच झुंबड. बुधवार उत्तम: मटणाचा वार आणि देवळात त्या मानाने श्वास घ्यायला जागा. नवरात्र आणि मे महिन्याच्या सुट्ट्या टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस इतका असतो की रंकाळ्याची संध्याकाळ हातची जाते.

स्टेशनवर सामान ठेवायचं असेल तर बॅगांना कुलूप हवं. रेल्वेच्या सामानघरात कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. नुसती चेन लावलेली पाठीवरची सॅक परत आणलेली माणसं तिथे रोज दिसतात. दुसरा पर्याय, स्टेशनजवळच्या लॉजमध्ये एक खोली दिवसभरासाठी घेणं. चौघांत ज्येष्ठ असतील तर तोच घ्या, कारण अंघोळ होते आणि दुपारी पाठ टेकायला जागा मिळते. स्टेशनबाहेर पोहे-चहावर हात मारू नका, भूक राखा.

आठ-सव्वाआठला देऊळ. खाजगी गाडी असेल तर बिंदू चौकाच्या वाहनतळावर लावून पुढे चालत जाणं सोपं. ज्येष्ठांना रिक्षाने जेवढं जवळ सोडता येईल तेवढं सोडा. पोशाख अंगभर असू द्या. चामड्याचा पट्टा, मोठी बॅग शक्यतो खोलीवर ठेवा, आत फोटोचा हट्ट धरू नका. आता महत्त्वाचं: रांगा दोन असतात. एक मुख्य दर्शनरांग, ती गाभाऱ्याच्या जवळून नेते आणि गर्दीच्या दिवशी दोन-तीन तास घेऊ शकते. दुसरी मुखदर्शनाची, समोरून थोड्या अंतरावरून, जी बहुधा पाव-अर्ध्या तासात आटोपते. आईला मुखदर्शनालाच न्या. सकाळी साडेआठ आणि साडेअकराच्या सुमारास अभिषेक असतात, तेव्हा रांग थबकते. आठ वाजता उभे राहिलेले लोक 'इतका वेळ का लागतोय' म्हणून चिडतात, त्याचं कारण हेच.

दर्शन झालं की लगेच बाहेर पडण्याची घाई करू नका. देवीची मूर्ती वस्त्रालंकारात झाकलेली असते, दिसतो तो मुखवटाच. वस्त्राखाली चतुर्भुज पाषाणमूर्ती आहे: हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, मस्तकावर नाग आणि लिंग, मागे सिंह. देवी पश्चिमाभिमुख आहे, आणि म्हणूनच किरणोत्सव होतो. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून सरळ आत येतात, पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. निदान तशी अपेक्षा असते. वाटेतली बांधकामं, हवेतला ओलावा, धूळ किंवा ढग यांनी ती काही वर्षी कमरेपर्यंतच पोहोचतात. त्या दिवसांत संध्याकाळी आत शिरण्याची आशा ठेवू नका, बाहेरच्या पडद्यावर पाहावं लागतं.

देवळाला बाहेरून एक फेरी मारा. भिंत सरळ नाही, ताऱ्यासारखी कोनाकोनात आत-बाहेर जाते आणि प्रत्येक कोनावर मूर्ती आहे: योगिनी, वादक, नर्तिका. ऊन तिरपं असताना, म्हणजे दहाच्या आत, हे कोरीवकाम उठून दिसतं. दुपारी काळा दगड सपाट वाटतो. महाकाली आणि महासरस्वतीची देवळं दोन्ही बाजूंना आहेत. वर मातुलिंगाचं देऊळ आहे, तिथे चढणं गुडघ्यांना झेपणारं नाही. फरशी उन्हाने तापते, पायांत मोजे घातलेले बरे.

पावणेदहाला बाहेर, आणि आता मिसळ. फडतऱ्यांची मिसळ शिवाजी उद्यमनगरात, बावडा मिसळ कसबा बावड्यात, खासबाग मिसळ मैदानाजवळ. तिन्ही नावाजलेल्या आहेत आणि तिन्हींवरून कोल्हापुरात भांडणं होऊ शकतात. पुढे न्यू पॅलेसला जायचंय, तो बावड्याच्याच रस्त्यावर आहे, म्हणून तुमच्या दिवसाला बावडा सोयीचा. कोल्हापुरी मिसळीबरोबर पाव नसतो, स्लाइस ब्रेड असतो. तो कट शोषून घेतो, पण दोन मिनिटांत विरघळतो, म्हणून तुकडे आधीच बुडवून ठेवू नका. ताटलीत मटकी, बटाट्याची भाजी, शेव-चिवडा, वर कांदा-कोथिंबीर, आणि कट वेगळा येतो किंवा वरून वाढतात. कटाचा लाल रंग कांदा-लसूण चटणीचा. वर तरंगणारं तेल बाजूला सारून खाणं म्हणजे चव बाजूला सारणं, पण सवय नसेल तर कट आधी कमी घ्या, मग 'वाढा' म्हणा, लगेच मिळतो. तिखट लागलं तर पाण्याने शमत नाही, दही मागवा. तिखटातला दाह पाण्यात विरघळत नाही, दुधातुपात विरघळतो.

दोघांत एकच मिसळ घ्या. तीन तासांनी मटणाचं ताट समोर येणार आहे. अख्खी मिसळ, वर वडा, वर चहा असं झालं की दुपारी पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी जात नाही, आणि इथवर यायचं निम्मं कारण ती वाटी आहे.

अकराला न्यू पॅलेस. बांधकाम १८७७ ते १८८४, वास्तुकार मेजर चार्ल्स मँट. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा याच माणसाचा आणि दुपारी पाहणार तो टाउन हॉलही त्याचाच. तो १८८१ मध्ये वारला, हा वाडा पुरा झालेला त्याने पाहिला नाही. काळा घोटीव दगड, मधे अष्टकोनी मनोरा आणि त्यावर घड्याळ. जैन-हिंदू देवळांचे खांब, राजपूत झरोके आणि विलायती मनोरा अशी सरमिसळ असूनही इमारत गोंधळलेली वाटत नाही. तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय आहे, वर राजघराण्याचं वास्तव्य. आत फोटो काढायला बंदी आहे. शस्त्रं, हत्तीवरचे हौदे, शिकारीचे भुसा भरलेले प्राणी यांत लोक वेळ घालवतात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ दरबार हॉलला द्यावा. उंच छत, दोन मजल्यांच्या कमानी आणि रंगीत काचांमध्ये शिवचरित्रातले प्रसंग. ऊन त्या काचांवर पडलेलं असताना खाली उभं राहिलं की दालनाचा रंगच बदललेला दिसतो. सव्वा तास पुरतो. काउंटर दुपारच्या सुट्टीला बंद होतो, म्हणून साडेबाराच्या भरवशावर न राहता अकरालाच आत शिरा. राजर्षी शाहूंचं जन्मस्थान लक्ष्मी विलास पॅलेस कसबा बावड्याकडेच आहे. ज्यांना त्या काळात रस आहे त्यांनी संग्रहालयाची वीस मिनिटं तिकडे वळवावीत.

एकला जेवण. उशीर केला तर चांगले तुकडे संपतात. मटणाच्या ताटात साधारणपणे सुक्कं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी किंवा चपाती, भात, कांदा-लिंबू, कधी अंडं. दोन्ही रस्से बहुतेक ठिकाणी हवे तेवढे मिळतात, मटण मोजून असतं. बसण्याआधी एवढंच विचारा की रस्सा पुन्हा मिळतो ना.

दोन्ही रश्श्यांचा पाया एकच: मटण शिजवलेलं पाणी, ज्याला अळणी म्हणतात. पांढऱ्यात त्यात नारळाचं दूध, काजू, तीळ किंवा खसखशीचं वाटण, आलं-लसूण आणि लवंग-दालचिनी-मिऱ्यासारखा अख्खा गरम मसाला. लाल तिखट नाही. तिखटपणा असतो तो मिऱ्याचा, म्हणून तो जिभेवर नाही, घशात लागतो. तांबड्यात त्याच अळणीत भाजलेला कांदा-खोबरं, तीळ आणि कांदा-लसूण चटणी. पांढरा आधी प्यायचा, वाटीने, गरम असतानाच. नारळाचं दूध जास्त उकळलं की फुटतं, वर चोथा आणि खाली पाणी होतं. वाटीत कण-कण तरंगताना दिसले तर भांडं फार वेळ चुलीवर राहिलंय असं समजा. रस्सा मैद्याने किंवा कॉर्नफ्लोअरने दाट केलेला असेल तर तो चमच्याला चिकट लागतो आणि थंड होताना वर साय धरतो. खरा पांढरा पातळच असतो. तांबडा नुसता जळजळीत असेल आणि मागे खोबऱ्याची गोडी लागत नसेल तर तिथे चटणीवरच भागवलंय.

'कोल्हापुरी' नावाखाली इतर शहरांत जे लाल, तेलकट, डोळ्यांतून पाणी काढणारं काही मिळतं, त्यावरून इथली कल्पना करू नका. घरगुती कोल्हापुरी जेवण झणझणीत असतं, पण आग लावणारं नसतं.

आईसाठी अख्खा मसूर मागवा. मसूर न फोडता कांदा-लसूण मसाल्यात शिजवलेला, भाकरीबरोबर. सोबत झुणका, खर्डा आणि ताक. ती कडक शाकाहारी असेल तर मटणाच्या खानावळीत नको, कारण रश्श्याचे डाव एकमेकांत फिरतात. अशा वेळी दोघांनी शुद्ध शाकाहारी भोजनालयात आणि दोघांनी शेजारी जेवणं हाच शांततेचा मार्ग.

जेवणानंतर खोली असेल तर तासभर आडवे व्हा. नसेल तर थेट टाउन हॉल, सीपीआर रुग्णालयाजवळ. इमारत १८७० च्या दशकातली, भोवती मोठी झाडं आणि दगडी मूर्ती. आत छोटंसंच संग्रहालय आहे, पण एक वस्तू अशी आहे जी चुकवू नये: पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकातल्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती. ग्रीकांचा हा सागरदेव समुद्रापासून इतक्या आत, सातवाहनकाळच्या वस्तीत, रोमन व्यापाराबरोबर आला. मूर्ती अगदी लहान असल्याने लोक न बघता पुढे जातात. काउंटरवरच्या माणसाला विचारा, तो दाखवतो. पाऊण तास पुरे.

चारच्या सुमारास रिक्षाने बिंदू चौक. इथे तटबंदीचा शिल्लक तुकडा आणि महात्मा फुले व डॉ. आंबेडकर यांचे अर्धपुतळे आहेत. ते ९ डिसेंबर १९५० ला बसवले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. दोन मिनिटांचं थांबणं आहे, पण थांबा. तिथून खासबाग मैदान. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहिलं आणि तशा उतरत्या बैठकीचा आखाडा १९१२ मध्ये इथे उभा राहिला. मधला लाल मातीचा हौदा उंचावर असल्याने शेवटच्या रांगेतूनही कुस्ती दिसते. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. बाहेरून पाहता येतं तेवढं पाहा. इथेच राजाभाऊंची भेळ. चार वाजता पोटात जागा असेल तर चौघांत एक.

भवानी मंडपाकडे चालत या, वाटेत चपलांची गल्ली लागते. इथे अर्धा तास द्या आणि डोकं ताळ्यावर ठेवा. खरी कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याची. तळ, पट्टा, अंगठा (पायाचं बोट अडकवायचा भाग) आणि कान (बाजूचे तुकडे) चामड्याच्याच वादीने शिवलेले, खिळा कुठेही नाही. तळाची कड बघा: चामड्याचे थर वेगवेगळे दिसले पाहिजेत. कड एकसंध आणि रंगवलेली असेल तर आत पुठ्ठा किंवा रेक्झिन असण्याची शक्यता मोठी. वास घ्या, चामड्याचा उग्र वास हवा, डिंकाचा किंवा रसायनाचा नको. नखाने हलका ओरखडा काढला तर चामड्यावर तो उमटतो आणि बोट घासल्यावर फिका होतो, प्लॅस्टिकवर उमटतच नाही. कापशी, कुरुंदवाडी असे घाट दुकानदाराकडून समजून घ्या, सांगायला त्यांना आवडतं. भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालं, तेही महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. तेव्हा 'ही अथणीची आहे' म्हटल्यावर नाक मुरडायचं कारण नाही, अथणी त्यातच येते.

माप घट्टच घ्या. चामडं आठवड्याभरात सैल होतं, आज मोकळी वाटणारी चप्पल महिन्याभरात पायातून निघते. मात्र अंगठा बोटाला कापत असेल तर ती सैल होऊनही कापतच राहते, ती जोडी नको. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, म्हणून खरेदीला हीच वेळ योग्य. घरी नेल्यावर पट्ट्यांना आतून एरंडेल किंवा खोबरेल तेल चोळा, पहिले चार दिवस घरातच तासभर घाला. पावसाळ्यात वापरू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात ठेवली की तळ वाकतो.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी रंकाळ्यावर. महाद्वारापासून किलोमीटरभर, पण आईसाठी रिक्षाच. टॉवरच्या बाजूने बसायला बाक आहेत, समोर पाणी, पलीकडे शालिनी पॅलेस. फिरायचं, बसायचं, कणीस खायचं, बास.

तिथून परतताना गंगावेशचा दूधकट्टा. संध्याकाळी म्हशी रस्त्याकडेला आणून समोर धार काढतात आणि फेसाळ, कोमट दूध ग्लासाने विकतात. हे इथे टिकलं ते तालमींमुळे: गंगावेश तालीम जवळच, आणि जोर-बैठका मारून आलेल्या पैलवानाला दूध लागणारच. तालमीत डोकवायचं असेल तर वस्तादांना विचारून, चपला बाहेर काढून, आणि हौद्यातल्या मातीवर पाय न ठेवता. दुधाबद्दल स्पष्ट सांगायचं तर ते कच्चं असतं. तब्येत ठणठणीत असलेल्यांनी अर्धा ग्लास घ्यायला हरकत नाही म्हणतात, पण सत्तरीतल्या माणसांनी, लहान मुलांनी आणि गर्भवतींनी घेऊ नये. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार जातात, आणि म्हैस डोळ्यांसमोर उभी असल्याने ते टळत नाहीत. त्यांच्यासाठी आटीव मसाला दूध मिळतं. त्यातही रात्रभराचा प्रवास आहे आणि दुपारी मटण झालंय हे विसरू नका.

घरी न्यायला कांदा-लसूण चटणी घ्या, पण पिशवीतली नको, बरणीतली. तेल सुटतं आणि सकाळी सगळे कपडे लाल निघतात. गूळ घेताना पिवळाधमक टाळा, तो रंग उजळायला रसायन वापरलेलं असतं. तपकिरी, किंचित खारट चवीचा घ्या. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. पांढरा रस्सा डब्यात भरून नेण्याचा विचार सोडा, दादरपर्यंत तो फुटलेला असेल.

परतीची गाडी रात्री साडेआठ-नऊच्या दरम्यान सुटते, तिकिटावरची नेमकी वेळ पाहा आणि गंगावेशीतून पाऊण तास आधी निघा. संध्याकाळी शिवाजी चौक ते दसरा चौक हा पट्टा तुंबलेला असतो, आणि रिक्षावाल्याला दोष देऊन तो मोकळा होत नाही.